वाटेत हरवणारा नाद

गेल्या डिसेंबरातील स्नेहसंमेलनानंतर शिक्षक-पालक संघाची जी सभा भरली, तीत दोन सूचना पुढे आल्या. पहिली अशी की, विजेवर वाजणारी गिटार ह्यापुढे शाळेच्या रंगमंचावर आणू नये; कारण तिच्या घुमघुमाटापायी आठवीच्या मुलींचे समूहगीत कोणाच्याही कानी पडले नाही. दुसरी सूचना एका उदार पालकांनी मांडली आणि ती नेमकी उलट होती. त्यांचे म्हणणे असे की, मुलांना साधने अपुरी पडली म्हणून फजिती झाली. तेव्हा शाळेने शंभर तऱ्हांचे आवाज एकाच पेटीतून काढणारे एखादे आधुनिक यंत्र विकत घ्यावे, निम्मा खर्च आपण सोसू. दोन्ही सूचना सद्हेतूने केलेल्या आहेत ह्याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तथापि दोन्ही मला मान्य नाहीत, आणि सभेत वेळेअभावी जे बोलता आले नाही ते ह्या वार्षिकाच्या पानांवर मांडण्याची अनुज्ञा मी संपादकांकडे मागितली आहे.

मी शाळेत मराठी व इतिहास शिकवितो. भाषेच्या शिक्षकाने विजेच्या ह्या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल. ते माझ्या दृष्टीने फारसे भूषणावह नाही.

प्रथम वादाचा विषय काय तो सांगितला पाहिजे, कारण सभेतील कित्येकांनी ती वस्तू दुरूनच पाहिली होती. आपल्या दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने प्लायवुडच्या एका फळीवर सात लहान लोखंडी डब्या चिकटपट्टीने बसविल्या आहेत. ह्यांना पेडल म्हणतात, आणि सगळ्या मांडणीला पेडलबोर्ड. गिटारमधून निघालेला विद्युत्-संदेश एका डबीत शिरतो, तेथे त्याच्यावर काही संस्कार होतो, मग तो दुसरीत जातो, आणि अखेरीस ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो. वादक पायाने खटका दाबून हवी ती डबी चालू वा बंद करतो. एक डबी आवाज फाडते, एक त्याला प्रतिध्वनी देते, एक त्यात लाटा उठविते. ह्या डब्या त्याला जहाजावर नोकरीस असलेल्या मामाने दर सुटीत एकेक करून आणून दिल्या. आपल्या गोव्यात अशी घरे थोडी नाहीत.

ह्यांतील सर्वांत जुन्या जातीच्या डबीचा जन्म मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स ह्या गायकाच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता मिश्रणयंत्रातील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन ह्या वादकाचा स्वर एकदम खरखरीत, फाटका उमटला. तो टाकून देण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. ग्लेन स्नॉडी ह्या ध्वनितंत्रज्ञाने पुढे तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी बनविली आणि १९६२ मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने ती बाजारात आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज वाद्यवृंदाने आपल्या एका गाण्यात ती वापरली आणि ती जगभर झाली.

येथे पहिल्या सूचनेचे पुरस्कर्ते म्हणतील, पाहा, बिघाडाचेच हे संगीत! परंतु शुद्ध नाद म्हणून आपण ज्याची पूजा करतो त्या तंबोऱ्याकडे जरा पाहावे. त्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. घोडीचा पृष्ठभाग विशिष्ट उताराने घासून जवारी काढलेली असते आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तिला झणत्कार आणलेला असतो. तो दोरा काढून घ्या. तार वाजेल, पण तंबोरा बोलणार नाही. मूळ कंपनात भर घालून ते समृद्ध करणे ही आपल्याकडील जुनी विद्या आहे, आणि दोरा व डबी ह्यांत मला तत्त्वाचा भेद दिसत नाही. गिटार परकी म्हणावी तर ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी तिच्यावर रागदारी वाजविली आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासमवेत केलेली त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. शिवाय आपण गोव्यात राहतो. मांडो म्हणणाऱ्यांच्या घुमटाशेजारी गिटार बसते हे पाहत आपण लहानाचे मोठे झालो. ती शेजाऱ्यांची म्हणून आपली नव्हे, हा हिशेब निदान माझ्या घरी, जेथे कोंकणी बोलली जाते व मराठी वाचली जाते, मला कोणी शिकविला नाही.

तेव्हा नाद बदलणे हा गुन्हा नव्हे. नाद गमावणे ही गोष्ट वेगळी. आणि संमेलनात जे घडले ते गमावणेच होते. नवे यंत्र आणून ते भरून येणार नाही. उलट वाटेत आणखी एक थांबा वाढेल.

हे मला कसे कळले ते सांगतो. जानेवारीत एका शनिवारी आम्ही तिघे, म्हणजे तो विद्यार्थी, आमचे विज्ञानशिक्षक आणि मी, प्रयोगशाळेत बसलो. विज्ञानशिक्षकांनी एकच गोष्ट करावयास सांगितली. गिटार तीन मीटरच्या आखूड केबलीने सरळ ॲम्प्लिफायरला जोड आणि वाजव. मग त्याच ॲम्प्लिफायरचे एकही बटण न फिरविता ती फळीमार्गे जोड, सातही डब्या बंद ठेव, आणि तेच वाजव. डब्या बंद म्हणजे कोणताच संस्कार नाही. आवाज तोच यावयास हवा. तो आला नाही. पहिल्या खेपेस तारेवर नख घासल्याचाही बारीक सूर ऐकू येत होता. दुसऱ्या खेपेस जणू कोणी ॲम्प्लिफायरवर गोधडी टाकली होती. मुलगा गप्प झाला. दोन वर्षे तो ही गोधडी पांघरूनच वाजवीत होता, आणि आवाज मंद वाटतो म्हणून त्यावर आणखी एक डबी, आणखी एक डबी, अशी भर घालीत होता.

गोधडी कोठून आली? गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो: लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की ह्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्व, जे नववी-दहावीच्या मुलांनी पाठ केलेले असते. ही वीज एका व्होल्टचा काही अंश, आणि तिच्या मागे जोर म्हणाल तर नाहीच. आता केबल घ्या. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी ह्यांच्यात थोडी वीज साठविण्याचा गुण असतो. साधारण एका मीटरला शंभर पिकोफॅरड. केबल जितकी लांब तितका हा साठा मोठा, आणि तो प्रथम गिळतो ती जलद कंपने. गिटारच्या पट्टीवरील सर्वांत वरचा स्वर सेकंदाला बाराशे-तेराशे कंपनांपलीकडे जात नाही. म्हणजे स्वर हरवत नाहीत; हरवतात त्यांच्या वरचे उपस्वर, ज्यांच्यामुळे एकच 'सा' सतारीचा की सारंगीचा हे आपल्याला डोळे मिटून कळते. गळ्यातून शब्द निघावेत पण व्यंजने पुसली जावीत, तसे हे होते. भाषेच्या शिक्षकाला ही गोष्ट लगेच कळली, हे मुद्दाम नमूद करतो.

त्या मुलाच्या मांडणीत गिटारपासून फळीपर्यंत सहा मीटर, डब्यांना जोडणारे तुकडे मिळून सुमारे दीड मीटर, आणि फळीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत दहा मीटर केबल होती. साडेसतरा मीटर! विज्ञानशिक्षकांनी फळ्यावर हिशेब मांडला. साध्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा आवाज जेथे सर्वांत उजळतो ते स्थान आखूड केबलीत सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांपाशी असते. ह्या लांबलचक वाटेने ते अडीच हजारांच्याही खाली घसरते.

गंमत अशी की, त्याच्या सातही डब्या 'ट्रू बायपास' जातीच्या होत्या आणि त्याचा त्याला अभिमान होता. बंद असताना ह्या डब्यांतील सर्व विद्युत्-घटक वाटेतून बाजूला होतात व संदेश नुसत्या तारेने पुढे जातो. ऐकावयास फार निर्मळ वाटते. पण नुसत्या तारेने म्हणजेच सगळी साडेसतरा मीटर केबल एकसंध होऊन पिकअपच्या मानगुटीस बसते. उलट बॉस ह्या जपानी कंपनीने १९७७ मध्ये ज्या छोट्या डब्या काढल्या, त्यांत बंद स्थितीतही 'बफर' नावाची एक लहान जोडणी चालू राहते. तिचे काम आवाज मोठा करणे नव्हे. ती पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही, आणि पुढच्या केबलीला मात्र भरपूर जोराने संदेश पुरविते. आमच्या शाळेतील जुन्या हेडमास्तरांचा निरोप घेऊन जाणारा शिपाई असा होता. मास्तर पुटपुटत, आणि तो तिसऱ्या मजल्यापर्यंत खणखणीत आवाजात तेच शब्द पोहोचवी, पदरचा एकही न घालता.

मग सर्वत्र बफरच बसवावे काय? तेही नाही, आणि येथेच ह्या विषयाची खरी गोडी आहे. फझ जातीच्या कित्येक डब्या, विशेषतः १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या 'फझ फेस'च्या वंशातील, पिकअपशी सरळ जोडल्या तरच नीट बोलतात. त्यांच्यात दोनच ट्रान्झिस्टर असतात. त्या गिटारवर भार टाकतात, गिटार त्यांच्यावर टाकते, आणि ह्या ओढाताणीतूनच तो जाड, मऊ, फाटका नाद निघतो. वादकाने गिटारचे बटण जरासे मागे घेतले की तो निवळतो. मध्ये बफर आला की ही ओढाताण संपते, नाद कर्कश होतो आणि बटण फिरवून निवळत नाही. जिमी हेंड्रिक्स तर टेलिफोनच्या तारेसारखी वेटोळी घातलेली लांब केबल वापरी. तिने वरचे उपस्वर खात असता त्याचे काही अडले नाही, किंबहुना त्याला तेच हवे होते. अर्थात् त्याने जे गमावले ते जाणून गमावले. आमच्या विद्यार्थ्याने फझची डबी पहिली ठेवली, तिच्यामागे बफर घातला, आणि गिटारची केबल सहाची तीन मीटर केली. आपला रंगमंच तेवढाच आहे. तो बफर विकत आणलेला नाही. आठ पायांची एक चिप, थोडे रोध, दोन कंडेन्सर; विज्ञान मंडळाच्या मुलांनी प्रयोगशाळेत डाख देऊन तयार केला आहे. पहिल्यांदा तो चालला नाही, कारण एक डाख कच्चा होता.

डब्यांच्या क्रमाविषयी पुस्तकांत बरेच लिहिलेले असते. मी थोडक्यात आवरतो. आवाज फाडणाऱ्या व दाबणाऱ्या डब्या आधी, लाटा उठविणाऱ्या त्यानंतर, प्रतिध्वनी व घुमारा देणाऱ्या शेवटी. गळा आधी तयार होतो, मग तो देवळाच्या सभामंडपात घुमतो. घुमलेला आवाज नंतर फाडला, तर प्रत्येक प्रतिध्वनीही फाटतो व सगळ्याचा चिखल होतो. कोणाला चिखल हवा असेल तर त्याने खुशाल उलटे करावे.

आता घुमघुमाटाकडे येतो, ज्याच्यावर पहिल्या सूचनेचा सारा भर होता. आपल्या घरच्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा आलटून-पालटून फिरते. दिवे, पंखे, ट्रान्सफॉर्मर ह्यांच्याभोवती तिचे जे क्षेत्र असते ते एकेरी पिकअप आयतेच टिपतो, आणि पुढची फझची डबी नादाबरोबर ही गुणगुणही शतपट करते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर ह्याने १९५५ मध्ये उलट वेढ्यांची व उलट चुंबकांची दोन वेटोळी शेजारी बसवून ह्यावर उपाय काढला. तारेचा नाद दोन्हींत मिळतो आणि गुणगुण परस्परांना खाऊन टाकते. ते पिकअप महाग. आमच्या मुलाचे दुखणे मात्र अधिक साधे होते. सातही डब्या त्याने नऊ व्होल्टच्या एकाच स्वस्त पुरवठ्यावर माळेने जोडल्या होत्या. प्रतिध्वनीची डबी संगणकासारखी अंकांवर चालते. तिची बारीक शीळ त्याच माळेतून बाकीच्यांत शिरत होती. प्रत्येक डबीला ज्यात स्वतंत्र, एकमेकांपासून तोडलेला पुरवठा मिळतो असा पुरवठा घेतला की शीळ थांबते. पुरवठ्याचा दांडा कोणत्या अंगाचा, मधला धन की ऋण, हे पाहिल्याविना डबी जोडू नये. जुन्या घडणीच्या काही फझ डब्या उलट्या अंगाच्या असतात आणि माळेत घातल्या की पुरवठाच आखडतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी लेखणी हाती घेतली.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम होती. घुमघुमाट थांबेना. आमच्यापैकी एकाने युक्ती काढली: ॲम्प्लिफायरची तीन पायांची पिन काढून मध्ये दोन पायांचा जोड घातला, म्हणजे जमिनीशी नाते राखणारा तो जाड, वरचा पाय निकामी केला. घुमघुमाट निम्म्याने उतरला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, मीही वाजविल्या. मुलगा गिटार गळ्यात घालून गावयास ध्वनिग्राहकाजवळ गेला, त्याचे ओठ जाळीला लागले आणि तो झटकन मागे सरला. म्हणाला, "सर, मुंग्या आल्या." मी हसून म्हटले, "घाबरलास होय रे? मुंग्याच त्या." दुसऱ्या दिवशी घुमघुमाट पुन्हा उसळला, समूहगीत बुडाले, सगळ्यांना त्याचेच दुःख झाले. मुंग्यांची आठवण कोणालाच राहिली नाही.

ती मला जानेवारीत झाली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या शनिवारी विज्ञानशिक्षकांनी मला जे वाचावयास दिले त्यात ३ मे १९७२ ची हकीकत होती. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स प्रांतातील स्वानसी शहरी 'स्टोन द क्रोज' ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे कार्यक्रमासाठी रंगमंचावर उभा असता, जमिनीशी न जोडलेल्या ध्वनिग्राहकाला त्याचा हात लागला. गिटार अंगावर होती. तो तेथेच गेला, वय सत्तावीस. गिटारच्या तारा केबलीच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. आत कोठे वीज गळत असेल तर ती त्या तिसऱ्या पायाने जमिनीत निघून जाते. तो पाय तोडला की ती तारांवर येऊन थांबते, आणि वादकाचा एक हात तारांवर व ओठ दुसऱ्या वाटेने जमिनीशी जोडलेल्या ध्वनिग्राहकावर आले की मधली वाट त्याच्या शरीरातून जाते. आमच्या मुलाच्या वाट्यास मुंग्या आल्या, एवढेच. ॲम्प्लिफायर थोडा अधिक जुना असता, किंवा रंगमंचाची फरशी ओली असती, तर मी 'मुंग्याच त्या' असे कोणाला सांगितले असते?

भाषेचा शिक्षक ह्या उठाठेवीत का पडला, त्याचे हे उत्तर.

घुमघुमाट जमिनीच्या जोडणीमुळेच होतो आहे असे आढळले, तर तो घालविण्याचे रास्त मार्ग आहेत: सर्व यंत्रे एकाच फलकावरून चालवावीत, किंवा संदेशाच्या वाटेत विलगीकरणाचा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. पिनचा तिसरा पाय हा त्या वाटाघाटीचा विषयच नव्हे.

म्हणून संघास माझी विनंती अशी. गिटारवर बंदी घालाल तर मुले तीच गिटार वाड्यावरच्या गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवात वाजवतील, आणि तेथे पिन तपासणारा कोणी नसेल. शंभर आवाजांचे यंत्र घ्याल तर त्याच सदोष फलकावर ते लागेल. देऊ केलेला पैसा प्रथम सभागृहाच्या विजेच्या जोडणीवर खर्च व्हावा: जमिनीची जोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावी, रंगमंचासाठी स्वतंत्र फलक व तीस मिलिॲम्पियरच्या गळतीवर वीज तोडणारा खटका बसवावा. उरल्यास दोन चांगल्या केबली आणि डब्यांसाठी एक विलग पुरवठा. ह्यांतील कोणतीही वस्तू टाळ्या मिळवून देणारी नाही, हे मी जाणतो. देणगीदाराचे नाव तीवर कोरून ठेवण्याजोगी तर नाहीच. तरी ते उदार पालक हा लेख वाचतील आणि रागावणार नाहीत अशी आशा आहे.

दहावीची परीक्षा झाल्यावर तो विद्यार्थी भेटावयास आला होता. त्याच्या फळीवर आता पाच डब्या आहेत. दोन त्याने एका मित्राला देऊन टाकल्या. दहा मीटरची ती केबल मात्र त्याने शाळेच्या प्रयोगशाळेस दिली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तीच गिटार आधी आखूड केबलीने व मग हिच्यातून वाजवून पाहावी, म्हणून तिच्या टोकाला त्याने दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे आणि चिठ्ठीवर फक्त लांबी लिहिली आहे.